तीन कुंड्या

माझ्या वयाच्या माणसाला नवा गुन्हा करण्याची संधी सहसा लाभत नाही. जे काही हातून व्हायचे ते तरुणपणीच होऊन गेलेले असते. उरलेल्या दिवसांत माणूस फार तर रांगेत मध्ये घुसतो, किंवा मधुमेह असताना डबा हळूच उघडून करंजी खातो. असे असता शहात्तराव्या वर्षी, परमुलखात, स्वतःच्या मुलाच्या घरी, गांजाच्या तीन रोपांना झारीने पाणी घालण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्या पाण्याने रोपांचे काय झाले ते पुढे येईलच. माझे मात्र पुष्कळ काही ढवळून निघाले.

मुलगा जर्मनीत हँबर्गला असतो. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आईपुढे एक कागदाची पुडी ठेवली. तीत चार बिया होत्या. ज्वारीच्या दाण्यापेक्षा किंचित लहान, करड्या रंगाच्या, आणि वर कासवाच्या पाठीसारखी गडद जाळी.

"आई, तू मटकीला मोड आणतेस ना, तसे यांना आणून दे," तो म्हणाला.

"कसलं बी आहे?"

"गांजाचं."

आमच्या हिचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा झाला. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला एवढे निरुत्तर कधी करू शकलो नव्हतो. मग मुलाने समजावून सांगितले. त्या देशात १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. प्रौढ माणसाला आपल्या राहत्या घरी एकावेळी तीन झाडे लावण्याची मुभा आहे. मात्र ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था हवी. त्याला स्वतःला व्यसन वगैरे काही नव्हते. लहानपणापासून त्याला काहीही उगवून पाहण्याची हौस आहे. पुण्याच्या घरी त्याने एकदा काळी मिरी पेरून आम्हाला महिनाभर ती कुंडी हलवू दिली नव्हती. "उगवून तर बघू," हे त्याचे तेव्हाचेच वाक्य आताही होते.

हिने अखेर जुन्या पंचाचा तुकडा ओला केला, बिया त्यात बांधल्या आणि पुरचुंडी वाटीत झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी सोडून पाहिले तो तीन बियांची कवचे उकलली होती आणि आतून पांढरीशुभ्र मुळे बाहेर आली होती. चौथी तशीच बंद राहिली. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत गहू रुजतो, त्याची पहिली पांढरी टोके दिसतात, तेव्हा घरातली सगळी माणसे एकेकदा वाकून पाहून जातात. अगदी तसेच त्या दिवशी आम्ही चौघांनी आळीपाळीने त्या वाटीत डोकावून पाहिले. हिने तर सवयीने हातही जोडले असते. शेवटच्या क्षणी तिला आठवण झाली असावी.

बी रुजणे ही गोष्टच अशी आहे की तिथे चांगले-वाईट सुचतच नाही. विषवल्लीचे बीदेखील रुजताना निरागसच दिसते.

कुंड्या मात्र लगेच बाहेर गेल्या नाहीत. तिकडचे बागवान मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना हिमसंतांचे दिवस म्हणतात. त्यातली शेवटची संत सोफी. तिला ते थंडी सोफी म्हणतात. ती जाईपर्यंत नाजूक रोप उघड्यावर ठेवायचे नाही, असा जुना संकेत आहे. आपल्याकडे मृग लागल्याशिवाय शेतकरी पेरणीची घाई करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. सोफीबाई गेल्या आणि तीन कुंड्या गच्चीवजा सज्जात मांडल्या गेल्या. आधी गुळगुळीत अशी दोन दले. मग करवतीसारख्या कडांची एकेक पानांची जोडी. मग तीन बोटांचे पान, मग पाचांचे. उजेडाकडे मान वळवून उभी असलेली ती रोपे झेंडूच्या रोपांहून काही फार निराळी वाटत नव्हती.

सज्जाच्या दाराला मुलाने उंचावर एक कुलूप बसवले. आमची नात सहा वर्षांची. तिने विचारले, "आजोबा, ही झाडं वाईट आहेत का?"

मी म्हणालो, "नाही, झाडं कुठे वाईट असतात?"

"मग त्यांना कुलूप का?"

मुलांना असले प्रश्न नेमके जेवताना सुचतात. मी तिला आणखी एक पोळी घेण्याचा आग्रह केला.

पण प्रश्न तिच्याबरोबर झोपायला गेला नाही. तो माझ्याकडेच राहिला. मी आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होतो. न्यायाधीश सांगत आणि मी टिपून घेऊन टंकलिखित करीत असे. दुसऱ्यांनी दिलेले हजारो निकाल माझ्या बोटांखालून गेले, त्यामुळे कायद्याची भाषा कानात बसली आहे. आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा मला चांगला आठवतो. गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, असे त्यात आहे. म्हणजे मी ज्या सज्जात उभा होतो तो सज्जा तसाच्या तसा उचलून पुण्याला आणला असता तर माझ्या मुलाला जन्माची अद्दल घडली असती; आणि इथे शेजारची जर्मन बाई कठड्यावरून डोकावून "छान वाढलीत हो!" म्हणत होती.

याच कायद्यात आणखी एक गंमत आहे. गांजा म्हणजे काय, हे सांगताना तो झाडाचे शेंडे, फुलोरा धरतो. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने वगळतो. म्हणून तर काशीला आणि जैसलमेरला परवान्याच्या दुकानांत भांग मिळते, आणि शिवरात्रीला थंडाई घोटली जाते. कुमाऊँ-गढवालकडे भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होते; ती खाऊन कोणाला काही चढत नाही. २०२१ पासून आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली आहे. सारांश, बी निर्दोष, पान जवळजवळ निर्दोष, आणि या दोहोंच्या मधले जिवंत झाड तेवढे गुन्हेगार! कोणत्या क्षणी त्या निष्पाप बीजात पाप शिरते? मोड येताना? पहिली दले उघडताना? की माणूस पाण्याची झारी उचलतो तेव्हा?

आणि हेच झाड एके काळी आपल्याकडे फार मोठ्या पंक्तीला बसलेले होते. अथर्ववेदात सोम ज्यांचा मुख्य अशा पाच वनस्पतींत दर्भ आणि यव यांच्या मांडीला मांडी लावून भंग बसलेला आहे. पाणिनीला तर त्याच्या शेताला काय म्हणावे याचा नियम करावा लागला. तीळ, उडीद आणि जवस यांच्या शेतांबरोबर त्याने भंगाच्या शेताचीही सोय लावून दिली. म्हणजे शेते होती आणि ती चोरून पिकवलेली नव्हती. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडाला जे नाव दिले त्यातला 'सटायव्हा' हा लॅटिन शब्द भाताच्याही शास्त्रीय नावात आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पेरलेला, माणसाने लावलेला. भात आणि गांजा, दोघांचेही आडनाव एक!

हे सगळे मी मनाशी घोळवीत होतो खरा, पण असल्या विद्वत्तेचा एक तोटा आहे. ती प्रश्नाभोवती इतकी सुंदर रांगोळी घालते, की मधला पाट रिकामा आहे हे लक्षातच येत नाही. त्या पाटावर बसणारा माणूस कोण, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुलगा, सून आणि नात अकरा दिवसांसाठी नॉर्वेला निघाली. माझ्या गुडघ्यांमुळे आम्ही दोघे मागे राहिलो. निघताना मुलाने सज्जाची किल्ली माझ्या हातात दिली. "अण्णा, रोज संध्याकाळी एकेक झारी पाणी. आणि एक लक्षात ठेवा. यांत नर आणि मादी अशी वेगवेगळी झाडं असतात. मादीला पेराशी दोन पांढरे केस फुटतात. नराला बारीक गोळ्यांचे घोस लोंबतात. एखादा नर निघाला तर ताबडतोब उपटून टाका. त्याचे पराग वाऱ्यावर उडतात आणि मादीत बी धरतं. मग सगळं फुकट."

"उपटून?" मी म्हणालो.

"हो. त्यात काय आहे? मुळासकट येतं सहज."

सहज येते, हे मला माहीत होते.

माझा एक थोरला भाऊ होता. आमच्या घरात गेली साठ वर्षे त्याचे नाव कोणी मोठ्याने घेतलेले नाही, म्हणून मीही त्याला इथे नुसते दादा म्हणतो. कृष्णाकाठचे आमचे गाव. मी चौदा वर्षांचा, तो बावीसचा, साल १९६३. दादा इंटरला दोनदा नापास झालेला. एका दुकानात हिशेब लिहायला ठेवले तर तिथून महिन्याभरात परत आला. पण माझ्या पाठीला भोपळा बांधून मला पोहायला शिकवले ते त्यानेच, आणि पतंगाचा मांजा त्याच्यासारखा आळीत कोणी करीत नसे. संध्याकाळी तो घाटावरच्या मठात बैरागी उतरत त्यांच्यात जाऊन बसे. आईला वास कळत असे. ती बोलत नसे. अप्पा मात्र बोलत. आणि ते बोलू लागले म्हणजे परसातले कावळेसुद्धा उडून जात.

एके दिवशी मी दादाबरोबर जत्रेला जायचा हट्ट धरला. त्याने नेले नाही. मी मागे मागे गेलो तेव्हा त्याने वळून माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली. मी रडत परसात गेलो आणि आडापलीकडे, केळीच्या आडोशाला, फुटक्या घमेल्यात लावलेले ते झाड मला दिसले. हातभर उंच असेल. ते दादाचे होते आणि कशाचे होते, दोन्ही मला समजले. घाटावर खेळणाऱ्या पोरांना असल्या गोष्टी लवकर समजतात. खाली माती ओली होती. सकाळीच कोणीतरी पाणी घातले होते.

मी ते उपटले. दोन हातांनी धरून एक हिसका दिला आणि ते मुळासकट आले. मग मी ते घेऊन ओसरीवर गेलो. तिथे अप्पांबरोबर गावातले दोघे प्रतिष्ठित गृहस्थ बसले होते. ते बसले आहेत हे मला दिसत होते. त्यांच्या समोर मी ते झाड ठेवले आणि म्हणालो, "हे दादाचं."

त्या वेळी मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रातही लागू होता आणि गांजाही त्याच्या कक्षेत येत असे. अप्पा सरकारी नोकरीत. पाहुण्यांसमोर, दिवसाउजेडी, स्वतःच्या परसातले ते झाड पाहून त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आज मी करू शकतो. रात्री दादा आला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि तेच भयंकर होते. आजपासून मला एकच मुलगा, एवढे ते म्हणाले. दादाने अप्पांकडे पाहिलेच नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मग खुंटीवरचा सदरा घेतला आणि बाहेर पडला. पुढे पंढरपुराहून एक आणि नाशिकहून एक अशी दोन कार्डे आली. १९७१ साली कोणा ओळखीच्या माणसाने निरोप आणला, की तो क्षयाने गेला.

घरात मात्र क्षयाचे नाव कधी निघाले नाही. "पोराला गांजाने नेला," असेच आई म्हणायची, अप्पा म्हणायचे, आणि त्यांच्यामागे मीही म्हणत आलो. लग्नानंतर हिने विचारले तेव्हा तिलाही मी तेच सांगितले. आठ अक्षरांचे वाक्य. त्यात अप्पा नाहीत, ओसरी नाही, जत्रा नाही, मी नाही. किती सोयीचे!

हँबर्गच्या त्या लांबलचक संध्याकाळी, रात्री नऊपर्यंत मावळायला तयार नसलेल्या उजेडात, मी हिंदी गांजा आयोगाचा अहवाल वाचत बसलो होतो. मुलाच्या संगणकावर त्याचे सातही खंड वाचायला मिळतात. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने प्रश्न काढला आणि त्यावरून हा आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. आयोगाने हिंदुस्थानभर हिंडून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. सरसकट बंदीची आवश्यकता नाही आणि ती इष्टही नाही; माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो; असा त्यांचा एकंदर निष्कर्ष. पण मला खिळवून ठेवले ते वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या प्रकरणाने.

त्या काळी असा पक्का समज होता, की गांजाने माणूस वेडा होतो आणि इस्पितळांच्या नोंदवह्याच त्याचा पुरावा आहेत. आयोगाने १८९२ सालचे रुग्ण एकेक करून पुन्हा तपासले. तेव्हा असे दिसले, की नोंदवहीत वेडाचे कारण लिहायला एक रकाना होता आणि तो मोकळा ठेवणे बरे दिसत नसे. रुग्णाला आणणारा पोलीस जे सांगेल, किंवा हा कधी चिलीम ओढीत असे एवढे कोणी म्हणेल, त्यावरून त्या रकान्यात गांजा हा शब्द पडत असे. पुष्कळशा नोंदी आयोगाच्या तपासात टिकल्या नाहीत. रकाना भरायचा होता, शब्द हाताशी होता, भरला.

मी संगणक मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्याही घरात एक रकाना होता.

पण इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्या टोकाची लबाडी केल्यासारखे होईल. झाडावरचा आळ खोटा ठरला म्हणून झाड संत ठरत नाही. कोवळ्या वयात, रोजच्या रोज, जहाल प्रतीचा गांजा ओढणाऱ्यांना मनोविकाराचा धोका वाढतो, हे आजच्या वैद्यकाने पुरेसे दाखवून दिले आहे. जर्मनीच्या कायद्यातही एकविशीच्या आतल्यांना मंडळांमधून मिळणाऱ्या गांजाची मात्रा आणि जहालपणा मुद्दाम कमी ठेवला आहे, तो उगाच नाही. दादा संध्याकाळी घाटावर जात असे, सकाळी उठत नसे, हिशेब चुकवीत असे. त्यात चिलमीचा वाटा काहीच नव्हता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? वाटा होता. कितवा होता हे मात्र आम्ही कधी मोजले नाही. सगळा हिस्सा तिच्या नावावर चढवून आम्ही बाकीचे वारस मोकळे झालो.

आपण वस्तूंना दोष का देतो? मला वाटते, वस्तू उलट बोलत नाही म्हणून. पत्ते वाईट, नाटके वाईट, हल्ली मुलांच्या हातातला तो फोन वाईट. त्या वस्तूंत वाईट काहीच नसते असे नव्हे; पण ती उचलून खिडकीबाहेर फेकली की खोलीतल्या माणसांकडे पाहावे लागत नाही. १९८५ च्या कायद्यातले एक कलम मला नोकरीत असताना नेहमी कठोर वाटे. आरोपीचा हेतू दोषी होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तो तसा नव्हता हे आरोपीने निःसंशय सिद्ध करायचे, असे ते कलम. आता वाटते, घराघरांतून हे कलम तो कायदा होण्याआधीपासूनच चालू आहे. दादाला आम्ही हेतू विचारलाच नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलाने झाड ओसरीवर आणले त्याचा हेतू? तो तर सदाचारच असणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले. गालावरचा वळ कोणी पाहिला नाही.

तर पाण्याची गोष्ट. मुलगा गेला त्या दिवशी संध्याकाळी झारी भरून मी सज्जाच्या दाराशी उभा राहिलो आणि पाऊल पुढे पडेना. मी पाणी घातले तर त्या फुलोऱ्यातून उद्या जो धूर निघेल त्यात माझा ओंजळभर वाटा. न घातले तर मुलाला दिलेला शब्द मोडला. आणि शिवाय, न घालणे हीदेखील एक करणीच नव्हे काय? उन्हाळ्याच्या दिवसांत कुंडीतल्या झाडाला पाणी न देणारा माणूस 'मी काहीच केले नाही' असे कसे म्हणणार?

हिने मागून येऊन पाहिले आणि म्हणाली, "माना टाकल्यात त्यांनी. घाला की पाणी. तहानलेल्याला पाणी देताना कोणी जात विचारतं का?"

हिचा युक्तिवाद नेहमीच बिनतोड असतो, आणि मी पाणी घातले. तरी मनात आले, की हा न्याय खरा मानला तर १९६३ साली त्या घमेल्यातली माती ओली करणारा जो कोणी होता त्यालाही तो लागू पडतो. दादा त्या सकाळी उशिरा उठला होता, हे मला पक्के आठवते. अप्पा आडाकडे जात नसत. मी घातले नव्हते. मग पाणी कोणी घातले? बासष्ट वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. झारी हातात असताना पडला. आई रोज पहाटे आडावर पाणी शेंदायला जात असे.

तिला माहीत होते का ते कशाचे झाड आहे? वास कळणाऱ्या बाईला ते झाड कळले नसेल? कळूनही तिने पाणी घातले असेल, तर ते मुलाच्या लाडापोटी, भीतीपोटी, की परसातल्या कुठल्याच रोपाला वाळू द्यायचे नाही या तिच्या स्वभावापोटी? आणि संध्याकाळी ओसरीवर मुळासकट पडलेले झाड पाहून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, त्याचा अर्थ मी आजवर काय लावत होतो! विचारायला आता कोणी उरले नाही.

सहाव्या दिवशी मधल्या कुंडीत घोस दिसले. पेरापेराशी मोहरीएवढ्या हिरव्या गोळ्या, अगदी चिमुकल्या द्राक्षांसारख्या लोंबत असलेल्या. शंकेला जागाच नव्हती. आयोगाच्या अहवालात याचेही वर्णन आहे. बंगालात नौगावच्या शेतांतून त्या काळी पोद्दार म्हणून जाणकार असत. ते रोपांच्या ओळींतून हिंडत, नर ओळखून मोडून ठेवीत आणि मागून शेतकरी ते उपटून काढीत. एका फेरीने भागत नसे. चुकलेले नर हेरायला पुन्हा पुन्हा यावे लागे. एकूण पिकाच्या भल्यासाठी निम्मी रोपे केवळ ती जी आहेत ती आहेत म्हणून काढून टाकायची. शेतीत हे चालतेच. भांगलणी काय दुसरी असते? माझ्या आजोबांनी जन्मभर भांगलणी केली आणि त्यांना रात्री शांत झोप लागत असे.

मी कुंडीपुढे स्टूल घेऊन बसलो. दोन्ही हातांनी बुडखा धरला. माती भुसभुशीत होती. एक हिसका पुरला असता. मुलाला शब्द दिला होता, आणि शब्द पाळण्याइतके साधे नीतितत्त्व दुसरे नाही. झाडाला वेदना होत नाहीत, असे माझी बुद्धी मला सांगत होती. उद्या हे फुलेल, पराग उडतील, मुलाची महिन्यांची मेहनत वाया जाईल, हेही खरे. सगळे पुरावे एका बाजूला होते. मी बुडखा सोडला, कुंडी उचलली, आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत ती माझ्या झोपायच्या खोलीत नेऊन खिडकीशी ठेवली. खिडकी बंद केली. खोलीला कुलूप लावायला विसरलो नाही. परक्या देशाचा कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे.

हे मी भूतदयेने केले असे कोणी समजू नये. झाडाची कीव मला आली नव्हती. दुसऱ्यांदा तसे करणारे हात माझे असावेत असे मला वाटेना, इतकेच.

मंडळी परत आली. मुलाने सज्जात दोनच कुंड्या पाहिल्या आणि समजला. रात्री नात झोपल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि खिडकीशी ते झाड पाहून हसू लागला.

"अण्णा, हा नर आहे. उपटायचा होता ना?"

"एकदा उपटला आहे मी," मी म्हणालो.

"कधी?"

मी त्याला बसायला सांगितले. त्याला एक काका होता आणि तो गांजाने गेला, एवढेच आजवर माहीत होते. जत्रा, थोबाडीत, घमेले, ओसरी, सदरा, दोन कार्डे, सगळे सांगायला तासाभराहून जास्त वेळ लागला. ही दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकले. तिने बसून घेतले, पण मला काही म्हणाली नाही. मुलानेही निकाल दिला नाही. त्याने फक्त विचारले, "काकांचा फोटो आहे का घरी?"

नाही. माझ्या मुंजीतला एक गटाचा फोटो आहे. त्याची उजवी कड अप्पांनी कापलेली आहे. त्या कडेवर दादाच्या हाताचा कोपरा तेवढा दिसतो, माझ्या खांद्यावर ठेवलेला. पुण्याला परत गेलो की पाठवतो, असे मी त्याला म्हणालो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मधली कुंडी मुलाने त्याच खोलीत राहू दिली. सप्टेंबरात त्याचा फोन आला. घोस फुलले, बंद खोलीत पिवळ्या भुकटीचा सडा पडला, रजई खराब झाली आणि सून दोघांवरही रागावली आहे. एवढे करून खोलीत जा-ये करताना कपड्यांवरून पराग बाहेर गेलेच असावेत, कारण सज्जातल्या दोन्ही झाडांना आता बी धरले आहे. फुलोऱ्याचा काही उपयोग राहिला नाही.

"बी मात्र भरपूर आहे," तो म्हणाला. "पाठवू का थोडं?"

बी निर्दोष असते, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्याला नको म्हणालो, आणि फोटो मिळाला का, ते विचारले.